सदतीस नंबरचा मासा

...अहो, नव्हताच! सदतीस नंबर नव्हताच! म्हणजे हरवला नव्हता, फाटला नव्हता, वाळवीनं खाल्ला नव्हता... छापलाच नव्हता! आणि हे ठाऊक कोणाला होतं? माझ्या जिवलग मित्राला! अकरा वर्षं!

तुम्हाला सांगतो, पूर्वी चहाच्या पुड्यात चित्रांची कार्डं निघायची. माशांची! पन्नासांचा संच. काय ती छपाई, खवला न् खवला मोजून घ्या! वडिलांनी एकोणपन्नास जमवली, दिवसाला नऊ कप चहा ढोसून! पित्त झालं, झोप उडाली, पण सदतीस नंबर? छे! अल्बममध्ये तेवढी एकच चौकट रिकामी, खाली छापलेलं, 'गळाला लागलेला मासा'. जाताना मला म्हणाले, "तेवढा सदतीस बघ रे..." आता सांगा, नाही म्हणवतं का?

मग जुन्या बाजारात हा घड्याळवाला भेटला. "सदतीस ना? आहे एकाकडे, मी माग काढलाय!" झालं! दर रविवारी याला गाडीवर मागे बसवून न्यायचं, पाठ दुखते म्हणून खड्डे चुकवायचे, माझी डबल कार्डं त्याला द्यायची... आणि घरी बायको, "मिळाला मासा? नाही ना? मग निदान बटाटे तरी आणायचे!"

परवा बाजारात एक आजोबा भेटले, त्या कार्डांच्या छापखान्यातले. हसायलाच लागले! "सदतीस? अहो, मुद्दामच नाही छापला! लोक शोधत राहणार, चहा खपत राहणार. तुमच्या या मित्रांना अकरा वर्षांपूर्वीच सांगितलं की मी!"

मी वळून बघतो, तर हा डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी बंद घड्याळात तोंड खुपसून बसलेला! म्हटलं, "का रे नाही सांगितलंस?" तर म्हणतो कसा, "सांगितलं असतं, तर तू रविवारी आला असतास?"

घ्या! वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं. माझ्या बापाचा सदतीस नंबर, आणि याला रविवारची सोबत! ठरवलं, याचं तोंड बघायचं नाही. तेवढ्यात हा हळूच म्हणतो, "ऐक तर, बारा नंबर उलटा छापलेला आहे म्हणे एकाकडे. शेपूट डावीकडे! मी माग काढलाय..."

आणि मी, तुम्हाला सांगतो, मी विचारलं, "कितीला निघायचं?"

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं कपाटातून माझा पासपोर्टचा फोटो काढला आणि सदतीसच्या चौकटीत ठेवला.

बरोब्बर बसला हो!