काल काय खाल्लं?

मिनिआपोलिसच्या बसमध्ये मराठी कानावर पडलं आणि सुलभाकाकूंनी कान टवकारले. पुढच्या सीटवर दोन विद्यार्थी होते, अमेरिकन आदिवासींच्या राखीव भागात, म्हणजे रिझर्व्हेशनवर, पोषणाचा सर्व्हे करून परतणारे.

"रोशनी, रिझर्व्हेशनवरच्या त्या नेटिव्ह आया चक्क खोटं बोलतात यार. काल पोराने काय खाल्लं विचारलं, की सगळ्यांचं एकच, ओटमील आणि सफरचंद!"

"घाबरतात रे, राजस. खरं सांगितलं तर पोरं उचलून नेतील, पूर्वी सरकारने नेली तशी, असं वाटतं त्यांना."

"आपण कशाला नेऊ?"

"ते त्यांना काय माहीत? आमच्या वस्तीत अंगणवाडीच्या बाई आल्या, की माझी आईपण 'वरणभात' म्हणायची."

"आणि खरं काय असायचं?"

सुलभाकाकूही नकळत पुढे झुकल्या.

"तुला कशाला हवंय?"