पितळी खिळे

—अजी तोच आहे वयनी, तोच! उलटापालटा करून काय पाहून राह्यल्या? दुसरा कुठून येईन आपल्या घरात? नवा वाटते? मंग वाटणारच न — काल अख्खी दुपार जवसाचं तेल पाजलं त्याले. उद्या तान्हा पोळा, तुमची नात बेबी पहिल्यांदा लाकडी नंदी ओढणार, वर्ध्याले नालवाडीत दारोदार बोजाऱ्याचे पैसे मागत फिरणार, आणि मी काय धुळीनं माखलेला नंदी देऊ? पोरगी असून नंदी मिरवते म्हून लोकं बोलतीन, तं बोलू द्या, मी तं म्हणतो चांगलं केलं तुम्ही. आणि हा डावा कान पाहा, तुटका. हाच न? दादानं लहानपणी माळ्यावरून पाडलता, मायनं त्याले झोडपलं, मी हसलो म्हून मलेही झोडपलं — तोच हा कान. हलका लागते? लाकूड जुनं झालं का वाळते, वाळलं का हलकं होते, त्यात काय. तुम्ही असं करा, पिशवीत टाका त्याले आता. तुमची जाऊ प्रमिला यायच्या आत. नाई, तसं काई नाई जी — ती वेशीवर गेली पोळ्याच्या तोरणाखालचे बैलं पाहाले, आली का म्हणन बसा, पुरणाची पोळी खा, आणि तुमची वर्ध्याची गाडी सुटन. आणि तिच्यासमोर नंदीचा विषय नोका काढू. काऊन म्हणजे… तिले मी सांगतलं होतं का नंदी तुम्हीच नेला म्हून. घर सोडून पोराकडं राहाले गेल्या तेव्हाच नेला म्हून. हो, सांगतलं तसं. बोलता बोलता निघून गेलं तोंडातून, मंग ते तसंच राह्यलं.

चहा तं घ्या. मी वेशीवर नाई गेलो, दरसाल कुठी जाता. गर्दीत गेलं का लोकं मले पाहून हसतात — 'काऊन जहाजराव, जहाज बुडालं का?' पोट्टे तं पोट्टे, माझ्या दुकानातून उधारीवर बिजागऱ्या नेणारे बुढेही म्हणतात. बोरच्या धरणावरचं आठवते न तुम्हाले? तुम्ही होत्या का तेव्हा? दादा होता. मी म्हटलं होतं माझं लाकडी जहाज घरीच ठेवतो, पण दादा म्हणे एवढी मेहनत केली तं पाण्यात टाकलंच पाह्यजे, सारं सेलू गाव पाहीन. पाह्यलंच मंग साऱ्या सेलूनं. हातभर गेलं का नाई, आडवं झालं ते, शिडं भिजले आणि पोटासकट पालथं. बुडाले वजन पाह्यजे असते, मले कोण सांगणार होतं? समुद्र मी बापजन्मात पाह्यला नाई. लोकं पोट धरून हसले आणि दादा आपला धोतर खोचून पाण्यात घुसला, जहाज काढून आणलं आणि म्हणे, 'याचं पुढचं कर.' तेवढंच म्हणे. घरी आल्यावर जेवताना मी मान वर नाई केली, तं तुमच्या हातानं त्यानं मले आणखी भाकर वाढाले लावली.

हे कपाटातले पाहा, तुम्ही आल्या का पाहातच नाई कधी. हे पहिलं. बहात्तरच्या दुष्काळात गिऱ्हाईक नव्हतं दुकानात, समोर भिंतीवर विम्यावाल्याचं कॅलेंडर, त्यावर हे तीन डोलकाठ्यांचं जहाज — दिवसभर पाहून पाहून मी म्हटलं, आपणच करून पाहू. डोलकाठ्या बांबूच्या. दोऱ्या पाहा, शंभराच्या वर गाठी असतीन एकेका जहाजाले, बाजारचा दोरा जाड पडते, म्हून बाबा टकळीवर कातत तसं मी सूत कातलं आणि मेण लावून पिळलं. हे मणी दिसतात न, ह्यातून दोरी सरकते, ते मी कासाराकडून आणलते, आणि तो म्हणे, 'रूपराव, घरात काई कार्य आहे का?' काय सांगू त्याले? पहिले शिडं धरणात गेले, हे नवे दादाच्या धोतराचे. तुम्हीच देलते न त्याच्यामागं जुने कपडे, मी चहात बुडवून असा रंग आणला. कसं, फुगलेलं वाटते का नाई? दरसाल उन्हाळ्यात मात्र पंचाईत. मालाच्या खोक्याचं लाकूड आपल्या वैशाखात टिकत नाई हो, तड्‌ करते आणि चीर जाते बुडाले, अर्ध्या रात्री ऐकू येते. सागही आणून पाह्यला वखारीतून, तोही ओला निघाला, फाटला. कितीक सालं असंच चाललं.

मंग एक नेव्हीवाला साहेब आलता दुकानात, कब्जे-बिजागऱ्या घ्याले, बदलीवर आलता इकडं. त्यानं हे पाह्यले. हसला नाई, वयनी! टोपी काढून टेबलावर ठेवली आणि एकेका दोरीले हात लावून पाह्यलं आणि म्हणे, 'बहुत बढिया, मगर एक ही लकडी का बनाओ. पुरानी लकडी, जो सब मौसम देख चुकी.' माझं सारं आयुष्य झालं लोकायचे टोमणे ऐकण्यात, आणि एक माणूस असा बोलला. तुम्ही सांगा, डोकं फिरन का नाई? मी पागलासारखा पाहात फिरलो — कुठी आहे असं लाकूड? दाराची चौकट? बाजेचा पाय? असं लाकूड का ज्यानं आपल्या आज्यापासूनचे उन्हाळे खाल्ले आणि एक चीर नाई पडली—

काय? नाई, असंच म्हटलं. तुम्ही काय त्याच्या पोटाखाली बोट फिरवून राह्यल्या केव्हाच्या? काय पाहून राह्यल्या? खिळे? हो होते न, पितळी, बारीक — ते काढले मी, करवतीचे दात गेले माझ्या त्याच्यापायी, मले काय माहीत पोटात खिळे असतीन, शिकंज्यात पालथा धरला होता तं काळ्या तेलाखाली दिसलेही नाई—

वयनी. नाई, म्हणजे दुरुस्ती. दुरुस्तीले धरला होता.

असं पाहू नोका जी माझ्याकडं. शिव्या द्या. — नोका, त्या कपड्याले हात नोका लावू, त्याखालचं जहाज अर्धंच आहे, गणपतीत ठेवाचं आहे ते वर्ध्याच्या मंडळात, त्यायनं माझं नाव छापलं — वयनी, ऐका न —

पाह्यलं? हो. हाच तो. तुमच्या हातातला मी केला, शिवणीच्या लाकडाचा, चहा आणि काजळी लावून. तुमचा निरोप आला तेव्हा घेतला कराले. कान मी स्वतः तोडला त्याचा, दादानं तोडलेला आठवून आठवून, बरोबर तसाच तोडला, आणि तोडल्यावर मलेच शरम वाटली का किती बरोबर तोडता आला मले. आणि हा असली. पाठ खाली आली, जहाजाचं बूड झालं. वशिंड इथं नाकाशी आलं, पाहा, पुढं कसं उचलून धरते. डोकं… डोक्याच्या पट्ट्या पाडल्या. वरच्या फळीले लागल्या. प्रमिला माहेरी गेलती तेव्हा केलं, दुकानाचं दार लावून. मनात म्हटलं होतं का दादाले विचारतो, म्हणजे त्याच्या फोटोले, पण विचारलं नाई, कारण तो हो म्हणला असता. तो मले कधी नाई म्हणलाच नाई न. आणि खोटं कशाले बोलू आता, वयनी — करवत चालली तेव्हा मले दादा आठवला नाई, तुम्ही आठवल्या नाई, कोणी नाई. लाकूड काय गोड कापल्या जात होतं! लोण्यासारखं. आतून लालसर, वास येत होता अजून सागाचा. मी हसत होतो एकटा. अंगावर भुसा आणि मी हसत होतो. ते आठवलं का आता मले जेवण जात नाई. तुम्ही नंदी मागाले आल्या नसत्या तं कदाचित गेलं असतं, तेही सांगतो.

काय पाहता? ह्या खिडक्या? ते तेच. तेच खिळे. फेकाले जीव नाई झाला, बाबाच्या वेळचा माल, असं पितळ आता पेटीत येत नाई. राखेनं घासले, डोकी कापून बाजूनं लावले, उन्हात कशा चमकतात — जाऊ द्या. चमकतात म्हणून काय.

पदराच्या गाठीत काय आहे? प्रवासाचे पैसे असतीन तं ठेवा, मी बसवून देतो गाडीत — हा? हा खिळा कुठून आणला? अगदी तसाच आहे. दादाच्या डब्बीतला? बेबीसाठी? मी ठोकाचा होता? मी?

म्हणजे… दर लेकरामागं एक. दादा ठोकायचा. आणि माहीत तुम्हा दोघायलेच. मले कधी बोलला नाई तो. बाप्पा… तं हा गुणवंताचा, आणि शकूचा, आणि — तीन आहेत, वयनी. तीन निघाले होते. तुमचे तं दोघंच—

हो. पहिली.

होती न. पाचवीही नाई पुजली होती. माय म्हणे, तिच्यासमोर कोणी काढू नोका, आणि कोणी काढलं नाई घरात, मीही नाई, लहानच होतो मी, मंग मोठा झालो तरी नाई काढलं. मले वाटलं तुम्ही इसरल्या. आणि दादानं तिचाही ठोकला.

थांबा, पक्कड आहे माझ्यापाशी, आता काढतो, एका मिनिटात काढतो, जहाज फुटलं तं फुटू द्या. कोणता तिचा? तुम्ही ओळखा. पहिला कुठी होता, शेपटीकडून का? मी तं सारे एकाच डब्यात टाकले न. घासून घासून एकसारखे केले. तुम्ही हात लावून पाहा, तुम्हाले समजन कदाचित, तुम्ही तं रोज… हा असन? का हा? सांगा न. लहान-मोठा काई फरक होता का? मी पाह्यलंच नाई, माझं ध्यान त्या लाकडातच होतं.

कवाड वाजलं. प्रमिला आली वाटते. वयनी, तिच्यासमोर — नाई, सांगा. सांगूनच टाका तिले, तुमचा हक्क आहे. पण बसा तरी. चहाले तोंड नाई लावलं तुम्ही. हा नंदी तरी न्या, उद्या पोरगी काय ओढन? तिले काय समजते त्यातलं? तिच्यासाठी तं हाही नंदीच आहे, चाकं चांगले फिरतात, मी रंधा मारून लावले — बरं, नोका नेऊ. ठेवा तिथंच. बेगड लावलं होतं मी शिंगायले, जाऊ द्या.

अजी, चप्पल त्या बाजूले आहे तुमची. मी येतो मोटार स्टँडवर. नोका? बरं.

वयनी, तुमचा खिळा राह्यला. इथं, जहाजावर ठेवला तुम्ही, त्या तिघांजवळ. वयनी? बेबीचा आहे तो —