लंगडीचे कान

उल्हास : ...आणि हे मी पूर्ण जबाबदारीने सांगतो, कुंदा. एकविसाव्या शतकात कोळशाला प्रवेश मिळणार नाही. महिनाभर राहिलाय फक्त. त्यानंतर माणूस विस्तवावर नाही, हवेवर स्वयंपाक करील. गरम, फिरती, शिस्तीची हवा!

कुंदा : बरं. तोपर्यंत तेवढं उजवं चाक वाळूतून वर काढा. ओट्यावर ठेवला की प्रत्येक कांदा तुमच्या एकविसाव्या शतकाकडे घरंगळतोय.

उल्हास : अगदी किरकोळ कल आहे. मी लेव्हल लावून बघितलं.

कुंदा : मला काय सांगता, कांद्यांना सांगा.

उल्हास : तू मूळ मुद्दा सोडतेस. अमिरातीच्या नॅशनल डेची सुट्टी, दिब्ब्याचा समुद्र, स्वतःची कॅरॅव्हॅन, आणि त्यातल्या कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये आईचं कोलंबीचं भानोलं! फुजैराच्या अख्ख्या ऑइल टर्मिनलवर हे आजवर कुणी केलेलं नाही.

कुंदा : त्या स्कॉटिश साहेबाची कॅरॅव्हॅन विकत घेणाराही अख्ख्या टर्मिनलवर दुसरा कुणी निघाला नाही.

उल्हास : आत ओव्हन होता म्हणून तर घेतली.

कुंदा : त्या ओव्हनला पंखा आहे. गेल्या शुक्रवारी त्याने चिरोट्यांचे पापुद्रे उडवले. मी काचेतून बघत होते, पाखरं कोंडल्यासारखी आत फडफडत होती. त्याआधीचा रव्याचा केक इकडून दोन बोटं, तिकडून चार.

उल्हास : त्या ट्रायल्स होत्या. आता नियम हाती लागलाय. साध्या भट्टीला जेवढं तापमान, त्यातून वीस कमी करायचे. वेळ पाव हिश्शाने कमी. भांडं धातूचं, उथळ, आणि चहूबाजूंनी हवा फिरायला मोकळी जागा. कुठलीही रेसिपी आणा, कन्व्हर्ट करून देतो.

कुंदा : सासूबाईंचं तापमान किती होतं?

उल्हास : तिथे जरा अडलो होतो. "खाली मूठभर निखारे, झाकणावर पसाभर, आणि वास सुटला की उतरवायचं." आता यातून वीस कसे वजा करणार? शेवटी एकशे ऐंशी धरले.

कुंदा : म्हणजे अंदाजपंचे.

उल्हास : आमच्याकडे त्याला एस्टिमेट म्हणतात.

कुंदा : हे बघा, आज मला प्रयोग नकोयत. कुमुदवन्सं चार वर्षांनी माझ्या हातचं जेवायला येतायत. तुमची सख्खी बहीण, इथे शारजात राहते आणि राखी कुरियरने पाठवते. भाऊबीजेला तुम्हाला वर घरात घेत नाहीत. तबक घेऊन लिफ्टने खाली येतात आणि पार्किंगमध्ये ओवाळतात.

उल्हास : पार्किंगमध्ये हवा छान असते.

कुंदा : हे सगळं एका पितळी लंगडीपायी, एका पसरट भांड्यापायी. सासूबाई गेल्या, अलिबागहून त्यांची लंगडी माझ्या बॅगेत आली, आणि वन्सं म्हणाल्या, भानोल्याची लंगडी लेकीकडे जाते, सुनेकडे नाही. मी ठरवलंय. आज त्याच लंगडीत भानोलं करायचं, त्यांना पोटभर वाढायचं, आणि लंगडी घासूनपुसून त्यांच्या हातात द्यायची. विषय खलास. काढा ती पिशवीतून.

उल्हास : काढतो. तू आधी जरा बस.

कुंदा : कुठे बसू? बसलं की घसरायला होतंय. द्या इकडे. केवढा कागद गुंडाळलाय हा... अहो. हिचे कान कुठे गेले?

उल्हास : कान म्हणजे...

कुंदा : कान म्हणजे कान! दोन बाजूंना दोन होते. जाडजूड. सासूबाई फडका गुंडाळून धरायच्या, ते.

उल्हास : त्याचं असं झालं, कानांसकट ती ओव्हनमध्ये जात नव्हती. मी सगळ्या तऱ्हांनी घालून बघितली. आडवी, तिरकी, उभीसुद्धा. मग काल वर्कशॉपमध्ये अन्वरकडे दिली. ग्राइंडरने एका झटक्यात साफ! फिनिशिंग बघ तू. बोट फिरव, कुठे टोचणार नाही.

कुंदा : आणि मी वन्संना ही देऊ? अशी? बिनकानाची?

उल्हास : कान टाकले नाहीयेत मी. टूलबॉक्समध्ये आहेत.

कुंदा : मग काय, खण-नारळाबरोबर कान वेगळे देऊ? ॲल्युमिनियमच्या साध्या ट्रेमध्ये केलं असतं की मी!

उल्हास : तूच म्हणालीस ना, लंगडीतच करायचं?

कुंदा : द्या ते पीठ इकडे.

उल्हास : म्हणाली होतीस.

कुंदा : तुम्ही आता काही बोलू नका. पीठ कालवून झालंय, कोलंबीला पाणी सुटायला लागलंय, दुसरं भांडं नाही. धरा नीट. ओतते. बघा, सगळं उजवीकडे चाललंय. खाली चमचा सरकवा. एकाने नाही भागणार, आणखी एक.

उल्हास : किटली बंद कर. जनरेटर दोन्ही एकदम ओढत नाही. हं, ठेवलं. टायमर लावला. पाव हिस्सा वजा करूनच लावलाय.

कुंदा : वास येत नाहीये काही.

उल्हास : वास मागच्या जाळीतून बाहेर जातो. तीच तर खुबी आहे, घरभर वास नाही.

कुंदा : म्हणजे भानोलं झालं की नाही ते समुद्राला कळणार, मला नाही.

उल्हास : तुला टायमर सांगील.

कुंदा : तुमच्या टायमरला कधी भानोलं माहितेय? मी बाहेर जाऊन जाळीपाशी उभी राहते.

उल्हास : थांब, थांब. गाडी आली. पांढरी. ताईच आहे! उतरली. तू पुढे हो... नको, मी होतो. तू टॉवेल काढून ठेव. भानोलं निघालं की लंगडीवर टाकू.

कुंदा : आणि जेवताना?

उल्हास : थेट ताटात वाढायचं. तिला भांडं दाखवायचंच नाही.

कुंदा : चार वर्षं भांड्यासाठी रुसलेल्या बाईला?

कुमुद : अगं ए कुंदा! आत आहेस ना? ते काढ आधी, लागतंय!

उल्हास : ताई! ये, ये, दार या बाजूला आहे! घाई नाही, अजून पुष्कळ मिनिटं बाकी आहेत.

कुमुद : कसली मिनिटं? मी इथे जाळीपाशी उभी आहे, नाकात धूर जातोय माझ्या. एका अंगाने लागलंय ते. यल्ला, चल, काढ!

कुंदा : काढते, वन्सं.

उल्हास : कुंदा, मध्येच दार उघडलंस तर आतली सगळी हवा...

कुंदा : बाजूला व्हा.

(ओव्हनचं दार उघडतं. कुमुद पायरी चढून आत येते.)

कुमुद : डावीकडे पातळ पसरलं म्हणून लागलं. बाकी बेतशीर झालंय. आणखी जरा ठेवतीस तर फेकावं लागलं असतं.

कुंदा : हो ना.

उल्हास : ताई, बस. सरबत घेतेस? इकडून समुद्र काय सुरेख दिसतो बघ. कुंदा, टॉवेल.

कुमुद : हिचे कान कुठे आहेत, उल्हास?

उल्हास : ओव्हनमध्ये बसत नव्हती.

कुमुद : मग ओव्हन कापायचास.

उल्हास : तो विचार केला होता. त्याला वायरिंग आहे.

कुंदा : वन्सं, मला आत्ता सकाळी कळलं. खरं सांगते, आज तुम्हाला द्यायची म्हणूनच ही आणली होती.

कुमुद : मला? कान होते तोवर चार वर्षं तुझ्या कपाटात. कान गेले, आता माझी?

कुंदा : दिसतंय तसं. पण तसं नाहीये.

कुमुद : आईने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. तिच्या शेवटच्या गणपतीत, मागच्या पडवीत. पाय दाबत होते मी तिचे. म्हणाली, कुमुद, ही लंगडी तुझी हो.

कुंदा : मला त्याच गणपतीत म्हणाल्या. कुंदा, तुझ्या हाताला भानोलं येतं, ही तू घेऊन जा. म्हणून तर बॅगेत घातली. नाहीतर मी काय चोरून आणीन?

कुमुद : मग हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?

कुंदा : सांगणार होते. तुम्ही फोन आपटलात.

उल्हास : तशी ती मलाही म्हणाली होती.

कुमुद : काय?

उल्हास : लंगडी तुझी म्हणून. त्या सकाळी मी कोळसे आणून दिले होते, पोतंभर. म्हणाली, गुणाचं ग माझं लेकरू, ही लंगडी तुलाच.

कुंदा : आणि हे तुम्ही आज सांगताय?

उल्हास : मला वाटलं, तिची बोलायची पद्धत आहे. शेजारच्या लतिकाकाकूंनी नारळ खोवून दिले, तर त्यांनाही म्हणाली.

कुमुद : लतिकाकाकूंना!

उल्हास : काकूंनी मनावर घेतलं नाही. त्यांच्याकडे नॉनस्टिक होतं.

कुमुद : अरे देवा! मी तुला पार्किंगमध्ये ओवाळलं रे. आमच्या वॉचमनला वाटतं, हा मॅडमचा ड्रायव्हर, मॅडम फार धार्मिक आहेत.

उल्हास : चांगला माणूस आहे. गेल्या भाऊबीजेला त्याने मला चहा पाजला.

कुंदा : मी चार वर्षं ही लंगडी वापरली नाही, वन्सं. एकदाही. काढायची, पुसायची, परत ठेवायची.

कुमुद : कल्हईसुद्धा केली नाहीस?

कुंदा : ती केली. गेल्या वर्षी अलिबागला नेली होती.

कुमुद : विमानाने? कल्हईला?

कुंदा : हो.

कुमुद : हं. वाढ.

कुंदा : ताट घ्या. मधला तुकडा देते, मऊ आहे.

कुमुद : मधला नको. तो लागलेला दे.

उल्हास : लागलेला मला! ताई, लहानपणीही दर वेळी तूच...

कुमुद : तू कान कापलेस. तू मधला खा.

कुंदा : कसं झालंय?

कुमुद : मीठ बरोबर आहे.

उल्हास : ऐकलंस, कुंदा? आणि हे केवळ फिरत्या हवेवर!

कुमुद : तुझ्या हवेने वरून कोरडं पडलंय. कुंदा, वाटणात नारळ वाढव. सुरुवातीला झाकण घाल, मग काढ. तेलाचा हातही जरा सढळ लाव, हा पंखा सगळी ओल ओढतो.

कुंदा : मलाही तेच वाटलं. झाकणाचं मी म्हणणारच होते, पण यांच्या नियमात झाकण बसत नव्हतं.

कुमुद : त्याच्या नियमात बसत नाही ते तो कापतो.

कुंदा : वन्सं, लंगडी घासून देऊ ना?

कुमुद : मला कशाला आता ती? माझ्या शेगडीवरून उतरवू कशी, कानांशिवाय? राहू दे तुझ्या या डब्यात. दुसरीकडे कुठे ती कामाची नाही आता.

उल्हास : म्हणजे एका अर्थी मी केलं ते...

कुमुद : गप्प बस रे.

कुंदा : आणखी एक तुकडा?

कुमुद : दे. आणि उल्हास, जरा जा. गाडीत हे बसलेत. मी त्यांना म्हणाले होते, आलेच मी लगेच, चालू ठेवा. सांग त्यांना, इंजिन बंद करा.