स्टुलाला लागलेली लाल चिठ्ठी

दवाखान्यात नंबराची वाट बघून कंटाळलेल्या शिक्षिकेने शेजारच्या दोन कामगारांच्या बोलण्याकडे कान दिला. थोरल्याच्या कमरेला पट्टा होता.

"काका, कारखान्यात तुमच्या स्टुलाला लाल चिठ्ठी लागलीय."

"कुणी लावली?"

"मीच. महिनाभर न वापरलेल्या वस्तूला चिठ्ठी लावायची, आठवड्याने ती भंगारात. साहेबांचा नवा नियम."

"अरे, वीस वर्षं बसलोय त्यावर!"

"वीस वर्षांचं कोण विचारतं? गेला महिना बघतात, आणि तुम्ही तर कमरेपायी महिनाभर रजेवर."

"मग काढ की चिठ्ठी."

"वापर दाखवल्याशिवाय निघत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे आळीपाळीने त्यावर बसतो."

"लबाड आहात लेको!"

"तुमच्याच हाताखाली शिकलो."

"बरं, मागचा डावा पाय डगमगतो त्याचा. धपकन बसू नका."