पिठावरचा पंजा

— नाही नाही बाई, थे वही अगोदर पिशवीत ठेवा. नाव काहून लिहून राहिल्या? एकदा वहीत नाव गेलं का मग लवकर निघत नाही, आमचं घर भोगून राहिलं थे. बसा, बसाले मनाई नाही, पायरीवर सावली आहे. पण आत्ताच आतमध्ये नोका जाऊ. देवकी, माही सून, पडली आहे खाटेवर, डोळा लागला आहे तिचा. नळावर चक्कर आली, दोघीजणींनी धरून आणलं, तोंडावर पानी मारलं, उठून बसली — एवढंच झालं. एवढ्यासाठी म्युनिसिपालटीची नर्सबाई कोष्टीपुऱ्यात धावत येते? कोणी धाडलं तुम्हाले? पंचफुलानं न? हाव, थेच, समोरच्या दारातली. या जनाबाईच्या, माह्या चुलीवर काय शिजते थे जनाबाईपेक्षा तिले जास्त माहीत. का मग — राग नोका मानू, विचारून घेते — ईश्वरदास शेठनं धाडलं? त्याचा मुनीम येते असाच अधूनमधून. पानी मागते, अन् माठाकडे जाता जाता पाहून घेते, मागावर कोणाचं सूत चढलं आहे, शिंक्यात तूप आहे का. तूप दिसलं तं शेठ म्हणन, खाऊन-पिऊन सुखी आहेत, हप्ता वाढवा. पाहा न तुम्हीबी, पाहा शिंक्यात. काय आहे? कांदे आहेत.

तुम्ही नाही विचारलं, पण तुमची नजर विचारून राहिली, म्हणून सांगते. देणं आहे आमच्यावर. चोरी नाही केली, लेकाचं लग्न केलं. आमच्यात पोरीच्या बापाले देज द्या लागते — साठ रुपये मोजून घेतले देवकीच्या बापानं, उमरेडचा तो, एक रुपया सोडला नाही. त्यावर मांडव, जेवणं, लुगडी. दोनशे काढले शेठपासून. मारोतीनं सही केली — चवथी शिकला आहे माहा मारोती, अंगठा नाही लावत — अन् शेठनं अट घातली, देणं फिटेपर्यंत दुसऱ्या कोणाचं लुगडं विणाचं नाही. तीन वर्षं झाली. दर हप्त्याले इतवारीच्या बाजारात लुगडी घेऊन जा, थो तराजूत घालते, साडेचार रुपये म्हणते, त्यातला दीड कापते, अन् तीन हातावर ठेवते. तीन रुपयात तीन माणसं अन् एक माग. हसू नोका, मागबी खाते. ताणीले खळ द्या लागते न — ज्वारीचं पीठ उकळून सुताले पाजलं नाही तं धागे तटातट तुटते, लुगड्यात गाठी पडते, अन् शेठ गाठीमागं पैसे कापते. म्हणून पिठाचे दोन वाटे. एक सुताचा, एक माणसायचा. सुताचा मी अगोदर काढते.

आता ऐका — कोणाले सांगितलं नाही मी थे, पंचफुलाले तं मुळीच नाही. आमच्या घरात काहीतरी चालून राहिलं. चोरी म्हणावी, तं उलटी चोरी. इतवारच्या दिवशी दळून आणलेलं पीठ अगोदर शनवारी सरत होतं, शनवारी रातचं मी अन् सून पातळ आंबिलीवर भागवत होतो. बरोबर बसलेला हिशेब. अन् दोन महिने झाले — पीठ सरतच नाही! इतवार आला तं तळाशी पायलीभर उरलेलं. पहिल्यांदा वाटलं, माहाच हात वर गेला मापताना. दुसऱ्या हप्त्याले डोळे फाडून मापलं. तरी उरलं. अन् विचार करा तुम्ही, घरात दोन जीवाची बाई. चवथा लागला होता तेव्हा, आता सहावा आहे. दोन जीवाच्या बाईची भूक तुम्ही जाणता, तुमचं कामच थे आहे. म्हणजे पीठ जास्त लागाले पायजे का नाही? मग उरते कसं? कमी झालं असतं तं मले काहीच वाटलं नसतं, बाई. उरलं म्हणून झोप उडाली माही.

मी म्हटलं, कोणीतरी आणून टाकते. कोण? तिचा बाप? साठ रुपये घेणारा माणूस पीठ टाकन? अन् टाकलंच तं फुकट नाही टाकत थो, उद्या चार लोकात म्हणन का तुमचं घर मी पोसलं. का पंचफुला? का सून स्वतःच — हे आलं बाई माह्या मनात, खोटं कशाले बोलू — थे स्वतःच किराणावाल्याकडून मारोतीच्या नावावर उधार उचलून राहिली, अन् एक देणं फिटाच्या अगोदर दुसरं उभं करून राहिली? कुलूप घ्यावं म्हटलं डब्याले, तं कुलपाले सहा आणे पडते. म्हणून मी पंजा ठेवला. पीठ हातानं सपाट केलं, अन् वरून पंजा दाबला, हा उजवा — हे करंगळी पाहा, मागाच्या धोट्यानं तुटली लहानपणी, असा पंजा दुसऱ्या कोणाचा उठत नाही. सकाळी सून भाकरीचं पीठ काढे, मग मी जाऊन पंजा दाबो. दुसऱ्या दिवशी पाहो, जसाच्या तसा. म्हणजे कोणी टाकत नव्हतं. कोणी काढतबी नव्हतं.

मग टोपल्यातल्या भाकरी मोजल्या. सहा. मारोतीच्या चार, माह्या दोन. — थांबा न, पुरं ऐकून घ्या. मी म्हटलं, पाहा, म्हणजे पोट्टी बाहेर खाते! कोणीतरी चारून राहिलं तिले, गोडधोड, म्हणून घरची भाकर गोड लागत नाही. तिच्या मागं गेली मी नळावर, माह्या या गुडघ्यानं. काही नाही, घागर भरली अन् आली. पदर झटकून पाहिला. पेटी उघडली तिची, चोळ्या होत्या अन् लग्नातली बांगडी. एक दिवस झोपली होती तं — तुम्ही काय म्हणसान मले माहीत नाही — तिच्या तोंडाचा वास घेतला मी. गुळाचा येते का, शेवेचा येते का, पाहावं म्हणून. कशाचाच नव्हता. कोरडा वास होता, एकादशीच्या दुसऱ्या दिवशी येते तसा. मी म्हटलं, असंन उपास. विचारलंबी होतं तिले, एकदा नाही, दहादा. "जेवली न वं?" तं म्हणे, "जेवली, आत्याबाई." तोंड वर करून नाही, खाली पाहून म्हणे. खाली पाहून बोलणारं माणूस काहीतरी लपवते, हे तं लहान लेकरूबी सांगन.

उरलेल्या पिठाचं काय केलं? काय कराचं असते? सुतात टाकलं. खळीले घरचंच पीठ झालं, तेवढं विकत आणणं वाचलं, हप्त्याचे पाच-सहा आणे. थे शेठले दिले, दीडावर वरचे. शंका होती मले, होती, पण वाचलेला पैसा काय गटारात टाकू? काहून टाकू? घाई होती न आमाले. शेठनं सांगितलं होतं, दिवाळीले वहीपूजनाच्या अगोदर मुद्दल फेडा, व्याजाचे तीस सोडतो. तीस रुपये, बाई! दहा हप्त्यांचं पोट आमचं. त्याच दिवशी मी देवकीले बसवलं समोर. वाईट नाही बोलली. मी काही दुष्ट सासू नाही, पंचफुला काही म्हणू दे. मी म्हटलं, पाह्य वं, तुह्यापायी हे देणं झालं — झालंच न, खोटं आहे का? — अन् दिवाळीपर्यंत फिटलं तं तुहं लेकरू मोकळं जन्मन. नाही फिटलं, तं शेठच्या वहीत जन्मन. एवढंच बोलली. अन् वरून हेबी म्हटलं का, आता तुह्यासाठी एक भाकर जास्त टाकत जा. म्हटलं न मी. मारोती साक्षी आहे, लुगडी देऊन आला का विचारा त्याले. हे कधीचं? श्रावण लागाच्या... दोन महिने झाले असंन. हाव. दोन महिने.

काय? नाही, मले नाही कळलं, पुन्हा विचारा. जेवताना? पाहिलं न. पाहिलं म्हणजे — आमच्या घरची रीत अशी आहे, बाई, अगोदर मारोती जेवते, मग मी, अन् आमचं झाल्यावर सून, चुलीपाशी. मीबी तशीच जेवली बारा वर्षं, कोणी उभं राहून पाहत होतं का? मी सुपारी घेऊन या पायरीवर बसते, अन् आतून ताटाचा आवाज येते. गडव्यात पानी ओतल्याचा येते. मग ताट घासल्याचा. रोज येते, मी ऐकते न रोज, माहे कान चांगले आहेत. ताट घासलं म्हणजे... रिकामं ताटबी वाजते. हाव. मोजल्या होत्या न मी भाकरी. सहाच होत्या. मीच मोजल्या, या हातानं. मले थे कळलं नाही असं नाही, बाई, मी थे... मी थे दुसरीकडेच पाहून राहिली होती. दारात पाहिलं, पेटीत पाहिलं. कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, सगळं पाहिलं.

तेव्हा पंचवीस उरले होते शेठचे. आता दहा आहेत. मले आनंद झाला होता परवा, हिशेब करताना.

नोका लिहू थे. नोका लिहू म्हणते न! अन् उभ्या काहून राहिल्या, आतमध्ये नोका जाऊ. उठली थे, खाट वाजली. तुमच्यासमोर घास नाही घ्याची थे, परक्या माणसाची लाज वाटते तिले. माह्यासमोर घेईन का — मले माहीत नाही. तीन वर्षं झाली तिले या घरात येऊन, अन् मी तिले खाताना कधी पाहिलं नाही, बाई. एकदाबी नाही. उचला तुमची पिशवी. हात सोडा माहा, मी काही रडून राहिली नाही. जा तुम्ही, चूल विझली आहे, मले पेटवू द्या.