आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे

जबाब देणार: अर्जात नाव आहे तीच. गल्लीत मला वाचणाऱ्या काकू म्हणतात. वय ६३, धंदा शिवणकाम, राहणार चावीवाल्याच्या दुकानावर, पहिला मजला.

समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते, की वरील ठिकाणी मी एकटी राहते. माझे पती बसचालक होते. ते गेल्या वर्षी वारले. मी शाळेत गेलेली नाही. मी मशीनवर बसले की ते शेजारी बसून पुस्तक वाचून दाखवत. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि वाचलेले त्यात रेकॉर्ड करून ठेवू लागले. ते गेल्यावर मी दुपारी रेकॉर्डिंग लावायची आणि पुस्तकातल्या ओळीवर त्यांच्या आवाजामागून बोट फिरवायची. अशी मी वाचायला शिकले.

कॉम्प्युटरमध्ये व्हायरसपासून राखण करणारा प्रोग्राम होता. इशारा देताना तो टिंग वाजे आणि ती टिंग रेकॉर्डिंगमध्ये येई, म्हणून पतींनी तो बंद केला होता. पुढे मी पुतण्याला, तो परत चालू करू का, असे विचारले. तो म्हणाला, "काकू, ते बँकांना लागतं. तुझ्या डबड्यात कोण शिरतंय? चोर आलाच तर दया येऊन काहीतरी ठेवून जाईल."

मंगळवारी दुपारी वाचनालयाच्या नावाने ईमेल आला. नव्या पुस्तकांची यादी सोबत जोडली आहे, असे त्यात होते. मी ती उघडली. यादी नव्हती. त्यानंतर रेकॉर्डिंग लावायला गेले तर एकही उघडेना. पडद्यावर लाल चौकट आली, की तुमच्या फायली कुलूपबंद केल्या आहेत, पैसे भरा, चावी मिळेल. मी खाली जाऊन चावीवाल्याला सांगितले. तो म्हणाला, "काकू, माझ्या डोक्यावर कुलूप लागलं आणि चावी माझ्याकडे नाही, असं पहिल्यांदाच झालं."

पुतण्या म्हणतो, भरून टाक आणि मोकळी हो. मी भरणार नाही. ज्याने कुलूप घातले त्याच्या शब्दावर मी विश्वास का ठेवावा? आणि माझ्या माणसाच्या आवाजावर त्याने पोट भरावे, हे मला चालणार नाही. मला मोकळे व्हायचे नाही. मला माझी वस्तू परत हवी आहे.

जबाब घेणाऱ्या हवालदारांनी विचारले, "घरचाच कॉम्प्युटर ना, मावशी? व्यवहाराचं त्यात काही नव्हतं. मग नुकसान निरंक लिहितो." मी सही करण्यास नकार दिला. पुढील बोलणे माझ्या आग्रहावरून लिहिले आहे.

मी विचारले, "तुमच्या घराला कुलूप आहे?"

"आहे की."

"आत खजिना आहे?"

"कसला खजिना! बायको-पोरं आहेत."

"मग झालं तर."

पुरावा म्हणून एक पेन ड्राइव्ह दाखवत आहे. तो मशीनच्या खणात होता म्हणून वाचला. पतींनी बाद ठरवलेले एकच रेकॉर्डिंग त्यात आहे. एक पान वाचून होते न होते तोच टिंग वाजते. पती म्हणतात, "झालं याचं सुरू! अरे बाबा, आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे?" मग मला म्हणतात, "थांब गं, परत वाचतो." तिथे ते संपते. त्यांचा आवाज आता माझ्याकडे एवढाच आहे. याची नक्कल देईन, मूळ देणार नाही.

पतींचे वरील म्हणणे मला मान्य नाही, असे नोंदवावे. संसारात मी त्यांना उलट बोलले नाही असे नाही, पण हे लेखी असावे.

राखणीचा प्रोग्राम मी कालपासून चालू केला आहे. तो टिंग वाजतो. वाजू दे.

हवालदार जबाब वाचून दाखवणार होते. मी कागद मागून घेतला आणि ओळीवर बोट ठेवून, सर्वांना ऐकू जाईल असा, स्वतः वाचला. नुकसानीपुढे 'निरंक' तसेच राहिले होते. ते माझ्यासमोर खोडून तिथे 'पतीचा आवाज' असे लिहिले आहे. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. अंगठा नाही, सही करत आहे.