अभिनयाचे गुण

सोलापूरच्या स्टँडवर वैजयंती मोहोळच्या गाडीची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर सिनेमा काढणारी अर्शी आणि त्यात काम केलेली बजाबाई बोलत होत्या, ते तिच्या कानावर पडत होतं.

“मावशी, सरकारी समितीनं अनुदान नाकारलं. अभिनयाला गुण कमी पडले.”

“का गं?”

“म्हणाले, बाई अभिनय करतच नाहीत, नुसत्या रडतात.”

“घरची म्हैस इकताना बाई रडनारच की!”

“मुंबईत समितीला सिनेमा पुन्हा एकदा दाखवता येतो. पण सगळे म्हणतात, तो म्हशीचा प्रसंग काढून टाक.”

“मग काडनार व्हय?”

“नाही. आहे तसाच दाखवणार.”

“मग मीबी येते मुंबईला.”

“तुम्ही काय करणार तिथं?”

“समितीच्या शेजारी बसून बघनार. मी तरी अजून कुटं बघितलाय?”